रिफ्लेक्टरच्या मागे

सोमवार, ३

पोचलो. खोली कारखान्याच्या गोदामावर आहे. एक खाट, एक टेबल, दोन खुर्च्या. दुसरी खुर्ची कुणासाठी ते कळलं नाही, म्हणून तिच्यावर बॅग ठेवली. खिडकीतून शेजारच्या इमारतीची मागची भिंत दिसते आणि भिंतीवरचे पाण्याचे पाइप. त्यातला एक गळतो. खाली जाऊन वॉचमनला सांगून आलो. तो म्हणाला, "साहेब, ती इमारत आमची नाही." नसेल. पण पाइप गळतो तो गळतोच.

काम चार दिवसांचं आहे. काचेच्या बरण्यांचा कारखाना. पट्ट्यावरून जाणारी प्रत्येक बरणी ओळखणारे सेन्सर बसवायचे. हल्ली बाहेरगावची कामं मालक तरुण पोरांना देतात. या वेळी मात्र म्हणाले, "तुम्हीच जा. काचेचं काम आहे, जुना हात पाहिजे. वहिनींशी बोललोय मी." एवढी विचारपूस करणारा मालक मिळायला भाग्य लागतं. घरी सांगायला गेलो तर हिने बॅग भरून दारात ठेवलेली. आत्ता उघडून बघितली तर तीन आठवडे पुरतील एवढे कपडे. हिचं मोजमाप नेहमी वरच्या अंगाचं.

ठमीचं प्लास्टर येत्या सोमवारी निघणार. ऑफिसच्या जिन्यावरून पडून पोरीचा पाय मोडला, तेव्हापासून मी तिला क्षणभर एकटं सोडलेलं नाही. सव्वीस वर्षांची आहे, पण पाण्याचा पेला मी तिच्या ओठापर्यंत नेतो. प्लास्टर निघालं की काठी घेऊन चालायचं, असं डॉक्टरांनी सांगितलंय. मी तिला बजावून ठेवलंय की पहिलं पाऊल माझा हात धरून टाकायचं. ती लहानपणी पहिल्यांदा चालली तेव्हा मी असाच कुठल्या तरी कारखान्यात पट्ट्याखाली आडवा पडलो होतो. ते हुकलं. आता हुकवायचं नाही. शुक्रवारी काम संपवायचं, शनिवारी घरी.

मंगळवार, ४

फाटकावर पिवळं जॅकेट दिलं. कमरेला आणि छातीला रुपेरी पट्ट्या, अंधारात उजेड पडला की चमकतात तसल्या. बाहेरून आलेल्या माणसाने आत असेपर्यंत ते काढायचं नाही. इथली माणसं निळ्या सदऱ्यात फिरतात. त्यामुळे अख्ख्या कारखान्यात पिवळा मी एकटाच. पाहुणा आहे हे लांबूनही कळावं, अशी व्यवस्था आहे.

लाइनची सुपरवायझर माझ्या ठमीपेक्षा थोडी मोठी असेल. मला काका म्हणते आणि माझं वाक्य संपायच्या आत पुढचं विचारते. मदतीला एक फिटर दिलाय. त्याला काहीही विचारलं तरी तो "हूं" म्हणतो. होकारही तोच, नकारही तोच. मी त्याचं नावच हूं ठेवलंय.

काम समजायला सोपं, करायला किचकट. पट्ट्याच्या एका बाजूला सेन्सर, म्हणजे इथल्या भाषेत डोळा. समोरच्या बाजूला काड्यापेटीएवढा रिफ्लेक्टर. डोळा लाल उजेड टाकतो, रिफ्लेक्टर तो जसाच्या तसा परत पाठवतो. मध्ये काही आलं की परत येणारा उजेड घटतो आणि डोळ्याला कळतं, काहीतरी गेलं. खोकं असेल तर उजेड पूर्ण अडतो. बरणी काचेची, ती उजेडाला जेमतेम अडवते. तेवढ्या जेमतेम फरकावर डोळा लावायचा असतो. एक बरणी जरी नजरेतून सुटली तरी पुढचा ढकलणारा हात चुकीच्या वेळी येतो आणि काचांचा सडा पडतो.

सुपरवायझरची अट साधी आहे. एक पूर्ण पाळी एकही बरणी न चुकता गेली पाहिजे, मग ती सही देणार. तोवर मी इथून हलायचं नाही.

गुरुवार, ६

डोळे बसवले. सकाळभर लाइन अशी चालली की हूं सुद्धा दोनदा हूं म्हणाला. दुपारी मी पलीकडच्या बाजूला गेलो. तिथे रिफ्लेक्टरच्या मागे रेलिंग आहे. त्याला टेकून उभं राहिलं की समोर डोळ्याच्या डोक्यावरचा बारीक दिवा लुकलुकताना नीट दिसतो. प्रत्येक बरणीला एक लुकलुक. मी डोळ्यात तेल घालून बघत होतो. आणि माझ्या डोळ्यांदेखत बरणी गेली, दिवा लुकलुकलाच नाही. मग फाड्‌कन आवाज आणि काचा.

सुपरवायझर म्हणाली, "काका, सकाळी तर नीट होतं." मी म्हटलं, सकाळी होतं ते आताही होईल. काचा झाडायला आलेल्या बाईला झाडू कसा धरायचा ते दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि होती तशीच झाडत राहिली.

शुक्रवार, ७

डोळा पुसला, रिफ्लेक्टर पुसला, ब्रॅकेटचे स्क्रू पुन्हा आवळले, नेम पुन्हा लावला. रेलिंगला टेकून पहारा दिला. तीनदा चुकलं. जेवायला गेलो होतो तेव्हा मात्र अगदी सुरळीत चाललं म्हणे. मशीनसुद्धा माणूस बघून नखरे करतं.

म्हणजे उद्या जाणं नाही. घरी फोन केला. ठमीला म्हटलं, कसंही करून सोमवारच्या आत येतो. ती म्हणाली, "बाबा, घाई करू नका. काम नीट होऊ दे." तिचा आवाज छान वाटला, मोकळा. मी तिथे असताना ती अशी बोलत नाही. दुखत असणार तेव्हा. आता दुखणं कमी झालेलं दिसतंय.

रविवार, ९

सुट्टी. कारखाना बंद. सकाळी खोली झाडली, दुपारी पुन्हा झाडली.

मग रस्त्यावर गेलो. बरीच दुकानं बंद होती. एका बाकावर बसलो. शेजारी एक बाप आपल्या मुलाला सायकल शिकवत होता. सीटला मागून धरून पळत होता आणि मुलगा ओरडत होता, "सोडा, सोडा." मी त्या बापाला सांगितलं, सोडू नका, पडेल. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पोराला घेऊन पुढच्या कोपऱ्यावर गेला. नंतर बाकावर कुणी आलं नाही.

फार एकटं वाटलं. इतकी वर्षं बाहेरगावची कामं केली, कधी असं झालं नव्हतं. तेव्हा वाटायचं, घर आपल्यावाचून अडलंय, म्हणून लवकर आटपू. आता कुणी तसं म्हणत नाही.

घरी तीन वेळा फोन केला, कुणी उचलला नाही. चौथ्यांदा हिने उचलला. धाप लागल्यासारखी वाटली. म्हणाली, "अहो, बाहेर गेलो होतो जरा." मी विचारलं, "गेलो म्हणजे? ठमीला एकटीला घरात ठेवून?" ही म्हणाली, "मी गेले होते. ती झोपली होती." मग सांगितलं की डॉक्टर बाहेरगावी गेलेत, प्लास्टर आता उद्या नाही, पुढच्या आठवड्यात निघेल.

जीव भांड्यात पडला. दैव कधी कधी माझ्याही बाजूने असतं.

मंगळवार, ११

नवीन डोळा लावला. तोच प्रकार. मग वायरी बदलल्या. मग छतावरच्या दिव्याचा उजेड आड येतो का ते बघायला शिडीवर चढलो. तोही आड येत नव्हता. आता मी पूर्ण पाळी रेलिंगपाशीच काढतो, चहासुद्धा तिथेच मागवतो. जेवढा जास्त उभा राहतो तेवढं जास्त चुकतं.

सुपरवायझर आज हसत म्हणाली, "काका, तुमचा पायगुण बघा जरा. तुम्ही कॅन्टीनला गेलात की लाइन पळते." बाकीचेही हसले. मीही हसलो. पण घास गिळताना तेच आठवत राहिलं. माझ्या कामाला कुणी नावं ठेवली तर मी भांडतो. माझ्या असण्यालाच नावं ठेवली तर काय भांडणार.

मालकांना फोन करून अडचण सांगितली. वाटलं होतं, आता चांगली खरडपट्टी निघणार. तर म्हणाले, "सावकाश करा. काही घाई नाही." अर्ध्या तासाच्या उशिरावरून घर डोक्यावर घेणारा हा माणूस. मालकांचीही तब्येत बरी नसावी.

बुधवार, १२

तेच. दोनदा काचा.

रात्रीच्या जेवणाला कॅन्टीनमध्ये मी एकटाच होतो. वाढप्याने एका टेबलावरचे सोडून बाकीचे दिवे मालवले.

गुरुवार, १३

संध्याकाळी घरी फोन केला. ठमी पुस्तक वाचतेय, असं ही म्हणाली. मागे आवाज येत होता. ठक. जरा थांबून ठक. पुन्हा ठक. मी विचारलं, हे काय? ही म्हणाली, "ते होय? शेजारी खिळे ठोकतायत. काहीतरी टांगायचंय त्यांना."

एवढे खिळे? मी हिला सांगितलं, त्यांना म्हणावं आधी बारीक भोक पाडा, मग ठोका, नाहीतर भिंतीचा गिलावा निघेल. आणि हातोडा शेंड्याला धरू नका. ही म्हणाली, "सांगते." तेवढ्यात पलीकडे ठमी जोरात हसल्याचा आवाज आला. पुस्तक विनोदी असावं.

मी पण हसलो, कशाला ते माहीत नसताना. फोन ठेवल्यावर खोली एकदम गप्प झाली. दुसऱ्या खुर्चीवरची बॅग खाली काढून ठेवली. उगाच.

शनिवार, १५

सापडलं.

सकाळी रेलिंगपाशी चहा पिताना कप निसटला आणि जॅकेट भिजलं. नळाखाली धुतलं, रेलिंगवर वाळत घातलं आणि बाहेर कॅन्टीनला जाऊन बसलो, कारण आत जॅकेटशिवाय थांबू देत नाहीत. दुसरा चहा घेतोय तोच हूं आला. माझ्यासमोर उभा राहिला आणि त्याच्या तोंडून पहिल्यांदा वाक्य बाहेर पडलं. "परत चुकली."

मी म्हटलं, "अरे, पण मी तर इथे आहे."

"हूं," तो म्हणाला.

धावत आत गेलो. मी नव्हतो, पण जॅकेट होतं. बरोबर रिफ्लेक्टरच्या मागे, रेलिंगवर, कमरेची रुपेरी पट्टी पट्ट्याच्या उंचीला. मग डोक्यात प्रकाश पडला. डोळ्याचा लाल उजेड समोर पोचेपर्यंत वाटीएवढा पसरतो, रिफ्लेक्टर काड्यापेटीएवढा. उरलेला उजेड त्याच्या कडेने मागे जातो. मागे कुणी निळ्या सदऱ्यातलं उभं राहिलं तर काही बिघडत नाही. पण जॅकेटची पट्टीही रिफ्लेक्टरसारखीच, ती तो उरलेला उजेड परत पाठवते. डोळ्याला हवा त्यापेक्षा जास्त उजेड मिळतो. मग मध्ये काचेची बरणी आली तरी त्याला काही कमी झाल्यासारखं वाटतच नाही.

जॅकेट काढलं, बरणी दिसली. जॅकेट धरलं, बरणी गेली. पाच-सहा वेळा करून बघितलं. सुपरवायझर म्हणाली, "म्हणजे काका, तुम्ही राखण करत होतात म्हणून बिघडत होतं?" मी म्हटलं, "मी नाही. जॅकेट." ती म्हणाली, "पण जॅकेट तुमच्या अंगात होतं ना." तिच्या बोलण्यात टोचणी नव्हती, तरी टोचलं.

रिफ्लेक्टरच्या मागे काळा रंग दिलेला पत्रा उभा केला. आता मागे कुणीही, काहीही घालून उभं राहिलं तरी डोळ्याला पत्ता लागणार नाही.

इतका आनंद झाला होता आणि सांगायला कुणी नाही. हूंला सांगितलं तर काय म्हणणार ते माहीत होतं. घरी फोन लावला. सगळं ऐकून हिने ठमीला हाक मारली. मग ठमीने फोन घेतला. आधी पोट धरून हसली. मग तिचा आवाज बदलला.

"बाबा, तुम्ही फार चांगलं बघता हो," ती म्हणाली. "फक्त जरा मागे सरून बघत जा."

मी म्हटलं, अगं, आता गरजच नाही, पत्रा लावलाय. ती म्हणाली, "हो, तेही खरं."

सोमवार, १७

आज सहीची पाळी. काळा पत्रा होता, रेलिंगपाशी उभं राहायला काही हरकत नव्हती. सुपरवायझरही म्हणाली, "उभे रहा काका, बघू तरी." मी दोन पावलं गेलो आणि थांबलो. न जाणो. आज चुकलं तर अजून किती दिवस इथे. आणि लांबलेलं प्लास्टर आज-उद्यात निघणार.

बाहेर बाकावर जाऊन बसलो. आयुष्यात इतकं अवघड काम केलं नव्हतं. हातांचं काय करायचं ते कळेना. आतून पट्ट्याचा आवाज येत होता आणि मी काचांच्या आवाजाची वाट बघत होतो. दोनदा उठलो, दोनदा बसलो. एकदा आत काहीतरी पडलं आणि मी दारापर्यंत धावलो, पण ती बादली होती.

पाळी सुटल्याचा भोंगा झाला. सुपरवायझर कागद घेऊन बाहेर आली. एकही बरणी चुकली नव्हती. सही करताना म्हणाली, "काका, तुमचं काम चोख आहे. तुम्हालाच त्याचा भरवसा नव्हता."

फाटकावर जॅकेट परत केलं. हूं निरोपाला आला होता. बराच वेळ उभा राहिला. शेवटी म्हणाला, "या परत." मला भरून आलं. इथे आल्यापासून 'या' असं कुणी म्हटलं नव्हतं.

बुधवार, १९

काल घरी आलो. प्लास्टर सकाळीच निघालं म्हणे, मी दुपारी पोचलो. अगदी थोडक्यात हुकलं असतं. ठमी खुर्चीत बसून माझी वाट बघत होती. "तुमच्यासाठीच थांबलेय," म्हणाली.

नवी काठी एका हातात, दुसरा हात माझ्या हातात. उठली. थोडी डुगडुगली. मग पाऊल टाकलं. एक, मग दुसरं. माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं दुखली. मी रडलो, लपवून काय करायचंय. स्वयंपाकघराचा उंबरा आला तेव्हा मी "सांभाळ" म्हणेपर्यंत ती खाली न बघता पार झाली. बापाचा हात असला की भीती मोडते. ही ओट्याकडे तोंड करून उभी होती आणि पदराने डोळे पुसत होती.

दोन गोष्टी लिहून ठेवतो. प्लास्टरखालची कातडी पांढरी पडते, सोलते, असं ऐकलं होतं. ठमीची चांगली तजेलदार आहे. डॉक्टर हुशार असावा. दुसरं म्हणजे काठीच्या टोकाचं रबर एका अंगाने झिजलेलं आहे. दुकानदाराने वापरलेली काठी गळ्यात मारली. उद्या जाऊन त्याची हजेरी घेतो.

गुरुवार, २०

काठी घेऊन दुकानात जायला निघत होतो. चप्पल पायात घातली तेवढ्यात ठमी म्हणाली, "बाबा, मी फाटकापर्यंत जाऊन येते." मी काठी तिच्या हातात दिली आणि तिचा दंड धरायला लगेच पुढे झालो. ती नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली. चिडलेली नव्हती. वाट बघत होती.

मला कारखान्याबाहेरचा तो बाक आठवला.

म्हटलं, "जा. मी आत बसतो." आतल्या खोलीत आलो आणि दाराकडे पाठ करून खुर्चीत बसलो. तिथून फाटक दिसत नाही. हात मांडीखाली दाबून धरले.

मग आवाज आला. ठक. जरा थांबून ठक. पुन्हा ठक.

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. गोदामावरची खोली, कानाशी फोन, पलीकडे ही, आणि मी सांगतोय की आधी बारीक भोक पाडा. त्यानंतर एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसत गेली. भरून ठेवलेली बॅग. मालकांची सावकाशी. रविवारचं "बाहेर गेलो होतो." झिजलेलं रबर. दुकानदार बिचारा.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू. पहिलं पाऊल याही खेपेला हुकलंच, आणि या खेपेला मला लांब ठेवून हुकवलं होतं.  पण मग परवा तिने धरलेला हात आठवला. एवढं नीट चालता येत असताना तिला तो इतका घट्ट धरायचं काहीच कारण नव्हतं.

ही चहा घेऊन आत आली. मला असा भिंतीकडे तोंड करून बसलेला बघून दारातच थबकली. बाहेरचा आवाज तिलाही ऐकू येत होता, आणि मला तो ऐकू येतोय हेही तिला दिसत होतं.

"शेजाऱ्यांचं अजून ठोकणं चाललंय वाटतं," मी म्हटलं.

हिने कप टेबलावर ठेवला. पदर सारखा केला. मग माझ्या समोरच्या खुर्चीत बसली.

"हो," म्हणाली, "आता रोजच चालेल."

आम्ही दोघं ऐकत बसलो. ठक ठक फाटकापाशी जाऊन थांबली. आता परत फिरेल, असं मला वाटलं. तर फाटकाची कडी काढल्याचा आवाज आला, मग फाटक कुरकुरलं, आणि ठक ठक रस्त्याने पुढे निघाली. हिने माझ्याकडे बघितलं. मी उठलो नाही.